हिंगाची धुरी दिलेली गाडी

माझ्या बाबांकडे गाडी चालवायचं लायसन्स होतं, गाडी नव्हती. तरुणपणी धरणाच्या कॅम्पवर नोकरीला असताना खात्याच्या जीपच्या ड्रायव्हरने त्यांना हौसेने शिकवलं होतं. तेव्हापासून मुदत संपायच्या महिनाभर आधी ते लायसन्स न चुकता नवं करून आणत. सायकलवर जाऊन आणत. आईने एकदा विचारलंही, "घोडं नाही आन लगामाले कायले तेल लावून ठेवता?" बाबा म्हणाले, "असू द्यावं."

बाबांचा दुसरा नियम दुसऱ्याच्या वस्तूबद्दल होता. दुसऱ्याची वस्तू जशी आली तशीच गेली पाहिजे, जमल्यास थोडी बरी होऊन. कोणाचं पुस्तक वाचायला आणलं तर त्याला आधी खाकी कागदाचं कव्हर चढे. शेजारून शिडी आणली होती ती परत देताना त्यांनी तिच्या पायऱ्या ओल्या फडक्याने पुसल्या होत्या, आणि शेजारी बराच वेळ शिडीकडे बघत उभे होते. मी तेव्हा बी. ए.ला होते आणि मला या सगळ्याची शरम वाटायची. शिडी पुसणाऱ्या माणसाची मुलगी असणं ही कॉलेजात सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. नागपुरात आज मनीषनगर म्हणतात त्याच्या अलीकडे आमचं घर होतं. आजूबाजूला बरेच प्लॉट मोकळे, गवत कमरेएवढं, आणि शेजारच्या प्लॉटवर डॉक्टरकाका. काका जनावरांचे डॉक्टर. नोकरीतून निवृत्त झालेले, काकू दोन वर्षांपूर्वी गेलेल्या, मुलगी लग्न होऊन भोपाळला. त्यांच्याकडे एक जुनी काळी गाडी होती. पुढची सीट साध्या रेक्झिनची आणि मागची मरून मखमलीची. मखमल काकूंनी निवडली होती. आमच्या बाजूला तेव्हा मखमलीवर कोणी बसत नसे, फार तर दागिना ठेवत.

मुलीच्या बाळंतपणासाठी काका जूनच्या सुरुवातीला चार महिन्यांकरता भोपाळला निघाले. जाताना त्यांनी गाडीची किल्ली बाबांच्या हातात दिली. म्हणाले, "तुमच्याकडे लायसन्स आहे, माझ्याकडे गाडी आहे. टाकी भरून ठेवली आहे. दर रविवारी फिरवत जा. वहिनींना कुहीला नेऊन आणा." कुही माझ्या आईचं माहेर. आई तिकडे नेहमी एसटीने जायची आणि स्टँडवरून पिशव्या घेऊन चालत मामाच्या घरी पोचायची. भावाच्या दारात आपण एकदा गाडीतून उतरावं, असं ती कधीतरी शेंगा सोलताना बोलून गेली होती. काकांनी ते ऐकलं होतं. बाबांनीही ऐकलं असणार, पण बाबा ऐकलेलं चेहऱ्यावर दाखवत नसत.

"काळजी करू नका," बाबा काकांना म्हणाले, "जशी दिलीत तशी परत मिळेल." हा त्यांचा शब्द. तो एकदा दिला की घरातल्या सगळ्यांनी सांभाळायचा असे.

काका गेले त्याच संध्याकाळी बाबांनी गाडी ढकलत आमच्या अंगणात आणली. चालवत नाही, ढकलत. पन्नास पावलांसाठी दुसऱ्याचं पेट्रोल जाळायचं कशाला! मग त्यांनी ती आतून-बाहेरून धुतली. खालची काथ्याची चटई काढून घासली, पुन्हा आत अंथरली, काचा घट्ट वर केल्या, दारं लावली, वरून ताडपत्री घातली आणि सुती दोरीने अशी बांधली की जणू पार्सल करून भोपाळलाच पाठवायची आहे. चटई पूर्ण वाळली होती का, हे कोणी विचारलं नाही. पुढचे तीन महिने बाबा रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की गाडीभोवती एक चक्कर मारत आणि गाठी तपासत. रविवार येत होते, जात होते. आई ताडपत्रीकडे बघायची आणि भाजी निवडायला बसायची.

"बाबा, काकांनी फिरवायला सांगितली होती," मी एकदा म्हटलं.

"सांगायचं असतं तसं," बाबा म्हणाले. "समोरच्याने सांगायचं, आपण समजायचं."

गणपती उठल्यावर काकांचं पत्र आलं. नातू झाला, सगळं छान आहे, पुढच्या मंगळवारी सकाळी येतो. हातात नऊ दिवस होते. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि समाधानाने दोऱ्या सोडायला घेतल्या. ताडपत्री काढली. गाडी बाहेरून नव्या नवरीसारखी चकचकीत. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आता माफी मागावी लागणार. मग त्यांनी मागचं दार उघडलं.

आधी वास आला. बंद पडलेल्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा कुबट, थंड वास. मग दिसलं. मखमलीवर पांढऱ्या-हिरव्या बुरशीची लव उभी होती. छताच्या कापडावर काळे ठिपके. दारांच्या आतल्या कापडावर गोल गोल डाग. आणि चटई, जी बाबांनी स्वतःच्या हाताने घासली होती, ती उचलली तर हातात अर्धीच आली.

"पण मी हातसुद्धा लावला नाही!" बाबा म्हणाले.

"तेच तर," मी म्हटलं. मला तेव्हा फार आनंद झाला होता, हे कबूल करायला आता हरकत नाही. पण बाबा अंगणातच खाली बसले. त्यांचा चेहरा बघून माझा आनंद टिकला नाही.

बाबांनी पहिला उपाय पुरुषासारखा केला. म्हणजे मारहाण. नाकाला रुमाल न बांधता ते गाडीत शिरले आणि केरसुणी उलटी धरून सीटला धोपटू लागले. बंद गाडीत बुरशीचा धुरळा उडाला. बाबा आत शिंकत होते आणि बाहेरून नुसती गाडी हलताना दिसत होती. बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि जी बुरशी फक्त मागच्या बाजूला होती ती आता पुढेही नीट वाटली गेली होती.

तेव्हा आई पदर खोचून पुढे आली. तिने दारातून डोकं आत घातलं, वास घेतला, मखमलीवरून एक बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून पाहिलं. दर वर्षी लोणच्याच्या बरणीत ती असंच बोट घालून बघायची.

"तुमी बाजूले व्हा," ती बाबांना म्हणाली. "लोणच्याले बुरशी काहून येते? आत ओल राहिली म्हणून. आन मी बरणीले काय करते? धुते, उन्हात ठेवते, कोरडी पुसते, हिंगाची धुरी देते. हे त मोठी बरणीच आहे."

"अगं, ती गाडी आहे," बाबा म्हणाले.

"मंग तुमीच करा."

बाबा बाजूला झाले. खरं सांगायचं तर बुरशीचा अनुभव आमच्या घरात फक्त आईला होता.

मागच्या सीटची गादी उचलून निघते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आम्ही ती अंगणात खाटेवर ठेवली. आईने आदल्या रात्री रिठे भिजत घातले होते. त्यांच्या फेसाने तिने मखमल अशी घासली की बुरशी अर्ध्या तासात गेली. इथे थांबायला हवं होतं. पण बरणी खळखळून धुतल्याशिवाय आईला ती धुतली असं वाटत नाही. तिने गादीवर एक बादली पाणी ओतलं. पाणी गेलं कुठे ते दिसेना, खाली थेंब पडेना, म्हणून आणखी एक ओतली. गादीने दोन्ही बादल्या पोटात घेतल्या. मग आम्ही तिघांनी मिळून ती उलटी करायचा प्रयत्न केला तेव्हा तिचं वजन कळलं.

भादव्याचं ऊन आमच्या नागपूरला कमी नसतं. तरी दोन दिवस झाले, गादी वरून कोरडी आणि दाबली की आतून गार पाणी. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचा वेगळा वास सुटला. गाडीच्या आतही ओल तशीच होती. लिंबू-मीठ लावून घट्ट पिळलेल्या फडक्याने छत पुसलं तरी सकाळी ते पुन्हा दमट लागे. बाबांनी जेवण निम्म्यावर आणलं. रात्री झोपेत ते "जशी दिलीत तशी" असं काहीतरी पुटपुटतात, असं आईने मला हळूच सांगितलं. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की मंगळवारी काही झालं तर हा माणूस पुन्हा शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देणार नाही. ते नुसतं गाडीचं राहिलं नव्हतं.

बुधवारी ऑफिसातून अर्धी रजा टाकून बाबा गांधीबागेच्या कापडबाजारात गेले. तसलीच मरून मखमल मिळाली तर सीट नवी करावी, असा विचार. तिथल्या दुकानांत अख्ख्या थानाखाली, म्हणजे पुऱ्या ताग्याखाली बोलत नाहीत. बाबा पाव थान कापड मागत होते. एका दुकानदाराने कीव येऊन त्यांना गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या, गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे पाठवलं. बाबांनी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हातारा शिवण थांबवून ऐकत होता. दोन बादल्यांपाशी त्याने चष्मा काढला.

"पानी किसने पिलाया?" त्याने विचारलं. "बाबूजी, ये सीट है, गाय नहीं."

मग त्याने इलाज सांगितला. गादीची खालची शिवण उसवा, आतला काथ्या बाहेर काढून पसरा, वाळला की भरून पुन्हा शिवा. आणि गाडीला वारा द्या. सगळ्या काचा खाली करून चाळीस-पन्नास मैल चालवा. "खडी गाडी कभी नहीं सूखती," तो म्हणाला.

बाबा घरी आले ते पडलेला चेहरा घेऊन. गादी उसवायला ते तयार होते. पण गाडी चालवायची! तीन महिने ज्या गोष्टीपासून ते स्वतःला जपत आले तीच आता औषध म्हणून समोर आली होती.

"पन्नास मैल म्हणजे कुही, जाऊन येऊन," आई म्हणाली. ती भिंतीकडे बघून म्हणाली, पण म्हणाली.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. तीन महिन्यांत बॅटरी संपलेली, म्हणून गल्लीतल्या चौघांनी धक्का दिला. मी मागचं दार उघडलं तर आत गादी नव्हतीच, ती खाटेवर काथ्या पसरून पडलेली. नुसता लोखंडी सांगाडा आणि खाली पत्रा. म्हणून मी पुढे बसायला गेले.

"तिथे नको," बाबा म्हणाले.

"का?"

"चालवणाऱ्याला बसावंच लागतं, त्याला इलाज नाही. बाकीच्यांनी काकांची सीट वापरायचं कारण नाही."

मी आईकडे पाहिलं. आई घरात गेली आणि जेवायचे दोन पाट घेऊन आली. पाट आमचे होते, त्यांना कोणाची हरकत नव्हती. ते तिने मागे पत्र्यावर मांडले आणि त्यावर आम्ही दोघी मांडी घालून बसलो. पंगतीला बसल्यासारख्या. चारी काचा खाली, नाकात वारा, आणि डोळ्यांसमोर फक्त पुढच्या सीटची पाठ. खिडकीतून बघायचं तर मान उंच करावी लागे. खड्डा आला की पाट एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे. उमरेडच्या रस्त्याला लागेपर्यंत माझ्या कमरेचे सगळे मणके मला वेगवेगळे मोजता येत होते. आई मात्र नवी साडी नेसून आली होती आणि तिने पूर्ण रस्ताभर पदर सावरून धरला होता.

कुहीला मामा घरामागच्या शेताच्या बांधीत होता. धानाला नुकत्या लोंब्या धरल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून तो चिखलाच्या पायांनी धावत आला. आईची गेल्या कित्येक वर्षांची हौस ती हीच. तिने दार उघडलं आणि उतरायला बघितलं, पण मांडीचे पाय मुंग्या येऊन मेलेले. मामाने तिला हाताला धरून ओढून बाहेर काढलं. मग त्याने आत डोकावून पाहिलं.

"काहून वं बाई," तो म्हणाला, "गाडीत बसून आली आन पाट संगं आणले? जेवाले आमच्या घरी पाट नाहीत का?"

अख्खं घर हसलं. आईही हसली. परतीच्या वाटेवर मात्र तिने पदर सावरलाही नाही, आणि मला बाबांचा भयंकर राग आला. पण काय बोलणार? बाबा पुढे एकटे ताठ बसून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गाडी अशी चालवत होते की जणू तिच्यात दुधाने भरलेलं पातेलं ठेवलं आहे.

वाऱ्याने खरंच काम केलं. गाडी आतून खडखडीत वाळली. सोमवारी काथ्या भरून गादी शिवली, आणि डाग म्हणाल तर छताच्या एका कोपऱ्यातला सोडून सगळे गेले. फक्त बारीकसा कुबट वास उरला होता, म्हणून आईने शेवटची पायरी केली. घमेल्यात निखारे घेतले, त्यावर हिंगाचे खडे टाकले, घमेलं गाडीच्या पत्र्यावर ठेवलं आणि दारं लावून घेतली. बरणीला चिमूटभर हिंग लागतो. एवढ्या मोठ्या बरणीला आईने अख्खी डबी वापरली.

मंगळवारी सकाळी गाडीला कुबट वास अजिबात नव्हता. गाडीला मुरलेल्या लोणच्याचा वास येत होता. अंगणात उभं राहिलं तरी येत होता. काचा उघडल्या, दारं उघडली, तरी जाईना. बाबा ऑफिसचा इस्त्रीचा सदरा घालून गाडीशेजारी उभे होते, आणि त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. काकांच्या रिक्षाचा आवाज आला तशी आई लगबगीने बाहेर आली आणि तिने मागच्या मखमली सीटवर लोणच्याची एक छोटी बरणी ठेवून दिली.

"हे काय?" मी विचारलं.

"कोनाची वस्तू रिकामी परत देऊ नये," आई म्हणाली. शेजारच्यांची वाटी ती कधीच रिकामी देत नसे, हे खरं होतं. पण माझ्याकडे न बघता ती म्हणाली, त्यावरून मी काय ते समजले.

काकांनी बाहेरून गाडी पाहिली, खूश झाले. मागचं दार उघडलं. वास घेतला, बरणी पाहिली आणि मोठ्याने हसले. "वा वहिनी! लोणचं! तरीच म्हटलं गल्लीपासून वास कसला येतोय!"

झालं होतं. बाबांनी फक्त गप्प राहायचं होतं. सगळा आळ बरणीवर गेला होता आणि बरणी काही बोलणार नव्हती. आई बाबांकडे डोळे मोठे करून बघत होती. मीही मनातल्या मनात म्हणत होते की आज एक दिवस, एकच दिवस.

बाबांनी घसा साफ केला. "वास लोणच्याचा नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी चिठ्ठी उघडली आणि ऑफिसात अहवाल वाचतात तसं सगळं वाचून दाखवलं. चटई ओली असताना बंद केली. तीन महिने उघडली नाही. बुरशी आली. दोन बादल्या पाणी. गादी उसवली, पुन्हा शिवली. पुन्हा न विचारता कुहीपर्यंत चालवली. छताला एक डाग राहिला आहे. चटई नवी आणून देतो. शेवटी चिठ्ठी घडी करत ते म्हणाले, "जशी दिलीत तशी परत देता आली नाही." मी तोवर त्यांच्यावर चिडलेलीच होते, पण त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

काका चिठ्ठीचं काही बोललेच नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे एकाही रविवारी फिरवली नाही?"

"नाही."

"आणि वहिनी कुहीला गेल्या त्या?"

"एकदा. म्हणजे मागे... पाटावर बसून." बाबांना ते पाट समजावून सांगावे लागले. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण वाक्य त्यांनी मध्येच सोडलं.

मला वाटलं काका हसतील. ते आमच्या ओट्यावर बसले. "मी जन्मभर जनावरं पाहिली," ते म्हणाले. "खुंट्याला बांधून नुसतं खाऊ घातलं तरी जनावर आजारी पडतं. आणि नुसती ठेवायलाच द्यायची असती तर माझी शेड काय वाईट होती? मी गाडी तुम्हाला वापरायला दिली होती. माझ्याकडे आता तिच्यात बसणारं कोण आहे?"

बाबांनी खिशातून किल्ली काढून काकांपुढे धरली. शब्द पाळायच्या नादात मागितलेली गोष्टच करायची राहून गेली, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. काकांनी बरणी तेवढी काखेत घेतली आणि किल्ली परत बाबांच्याच खिशात टाकून ते घरी गेले. "रविवारी कुही," जाताना फाटकातून म्हणाले.

रविवारी बाबांनी अंगणात गाडी सुरू केली. आई घरातून बाहेर आली. तीच नवी साडी, आणि काखेत पाट.

"पाट कशाला?" बाबा म्हणाले.

"तुमीच त सांगतलं होतं. आन मले आता तशीच सवय आहे."

एकाच खेपेत लागलेली सवय. बाबा गाडीतून उतरले. आईच्या काखेतून पाट काढून घेऊन त्यांनी तो माझ्या हातात दिला. मग पुढचं दार उघडलं, सीट आपल्या रुमालाने पुसली आणि म्हणाले, "बस."

आई बसली, पण सीटच्या कडेवर, अर्धी. मी मागे काकूंच्या मखमलीवर ऐसपैस पसरून बसले, हिंगाच्या वासात. उमरेड रोड संपला, कुहीचा फाटा आला, तरी आई तशीच कडेवर. गावाची वेस दिसली तेव्हा मात्र ती सरकून मागे टेकली आणि तिने खिडकीची काच पूर्ण खाली करायला लावली. बाबांनी मोठ्याने हॉर्न वाजवला. रस्त्यात कोणीही आडवं आलेलं नव्हतं.